जबाबदारी कुणाची, आणि कुणापुढे?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर या जिल्ह्यांतल्या गावांतून ट्रॅक्टर आणि ट्रक भरभरून माणसे बाहेर पडतात. भांडीकुंडी, पिठाचे डबे, शेरडे-कोंबड्या आणि कडेवरची पोरे असा सारा संसार त्या गाड्यांत असतो. नवराबायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत एकच नाव असते: 'कोयता'. उचल कोयत्याला मिळते, टनाचा दर कोयत्याला मिळतो आणि हिशोब नवऱ्याच्या हाती पडतो. एक दिवस फडात जाता आले नाही तर 'खाडा' पडतो आणि त्याचा दंड उचलीच्या रकमेत चढतो. पाळीचा त्रास असो, गर्भपात झालेला असो की दिवस भरत आलेले असोत, विसावा घ्यायचा तर तो दंड भरूनच घ्यावा लागतो. २०१९ साली महाराष्ट्र शासनाने या प्रश्नावर समिती नेमली. तिच्यापुढे बीड जिल्ह्यातली जी आकडेवारी आली, तीनुसार पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली होती. गावच्या भाषेत 'पिशवी काढली' एवढ्या दोन शब्दांत हा विषय संपतो. बाई पुन्हा फडात उभी राहते. आता खाडा पडत नाही.

या फडातल्या उसाची साखर कुठे जाते, हा प्रश्न फार वर्षे कुणी विचारला नव्हता. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'फुलर प्रोजेक्ट' यांनी तो विचारला. कोकाकोला आणि पेप्सी या नावांनी जगभर विकल्या जाणाऱ्या पेयांच्या पुरवठा साखळीपर्यंत महाराष्ट्रातली ही साखर पोहोचते, हे त्यांच्या वृत्तांताने पुढे आणले. या दोन्ही कंपन्यांच्या पुरवठादारांसाठीच्या आचारसंहिता छापील आणि सुबक आहेत. बालमजुरी नको, वेठबिगारी नको, कर्जाच्या बदल्यात श्रम नकोत, कामगारांना सुरक्षितता हवी, असे सारे त्यांत आहे. साखरेच्या शाश्वत उत्पादनासाठी बॉनसुक्रोसारखी आंतरराष्ट्रीय मानकेही आहेत. संहिता होत्या, मानके होती, तपासण्या होत्या, वार्षिक अहवाल होते. फक्त फडातल्या बाईच्या कामाच्या दिवसात त्यांमुळे एका तासाचाही फरक पडला नव्हता.

असे का व्हावे? कंपन्यांच्या ढोंगीपणाकडे बोट दाखवून हा प्रश्न निकाली काढता येतो. पण ते उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. 'उद्योगांची सामाजिक जबाबदारी' आणि 'शाश्वतता' हे शब्द आज प्रत्येक मोठ्या कंपनीच्या तोंडी आहेत. शेकडो कोटी रुपयांचे निधी, स्वतंत्र खाती आणि हजारो अधिकारी त्यांमागे आहेत. या साऱ्याचा कामगाराच्या प्रत्यक्ष कामावर काय परिणाम होतो, कुठे होतो आणि कुठे होत नाही, हे चळवळीने बारकाईने पाहणे अगत्याचे आहे.

दोन टक्क्यांचे दान

भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यातील १३५ व्या कलमाने ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर एक बंधन घातले. ज्यांचे निव्वळ मूल्य ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे, अशा कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी, असे ते बंधन. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले. त्यातून शाळांना वर्ग मिळाले, गावांना पाण्याच्या टाक्या मिळाल्या, रुग्णालयांना यंत्रे मिळाली. जे झाले ते नाकारण्याचे कारण नाही.

परंतु याच कायद्याखालील नियमांत एक तरतूद आहे, जिच्याकडे कामगार कार्यकर्त्यांचे लक्ष अभावानेच जाते. केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांना लाभ देणारा खर्च 'सामाजिक जबाबदारी' म्हणून धरला जात नाही. तरतुदीमागचा हेतू रास्त आहे. तसे नसते तर पगार, बोनस आणि उपाहारगृहाचे अनुदान हे सारे मालकांनी परोपकाराच्या खात्यावर मांडले असते. मात्र या रास्त तरतुदीतून एक चमत्कारिक चित्र उभे राहिले. ज्यांच्या श्रमातून नफा निर्माण होतो त्यांना वगळून, त्या नफ्याच्या २ टक्क्यांपुरती कंपनी 'जबाबदार' ठरते. उरलेले ९८ टक्के कसे मिळवले, याबद्दल हे कलम काही विचारत नाही. फाटकाबाहेर आरोग्य शिबिर भरते. फाटकाच्या आत कंत्राटी कामगाराला हातमोजे स्वतःच्या पैशाने आणावे लागतात. कायद्याच्या लेखी या दोन गोष्टींत विसंगती नाही.

या कल्पनेचे समर्थक अनेकदा गांधीजींच्या विश्वस्त सिद्धांताचा आधार घेतात. त्या सिद्धांताविषयी समाजवाद्यांनी पूर्वीच पुष्कळ वाद घातला आहे. तो येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. पण विश्वस्त हा शब्द वापरायचा तर त्याच्या पूर्ण अर्थाने वापरावा लागतो. विश्वस्ताच्या हाती जी मालमत्ता असते तिचे लाभधारक असतात. ते विश्वस्ताकडे हिशोब मागू शकतात, आणि त्याने कसूर केली तर त्याला न्यायालयात खेचू शकतात. ज्याला कुणी जाब विचारू शकत नाही, जो आपल्या मर्जीने देतो आणि आपल्या मर्जीने थांबवतो, तो दाता असेल, यजमान असेल, विश्वस्त नव्हे. आजची औद्योगिक जबाबदारी ही या अर्थाने जबाबदारीच नाही. जबाबदारीला दोन टोके असतात: ती कुणाची, आणि ती कुणापुढे. पहिल्या टोकाचे उत्तर प्रत्येक अहवालाच्या मुखपृष्ठावर असते. दुसऱ्या टोकाशी गुंतवणूकदार असतो, ग्राहक असतो, सरकार असते. कामगार तेवढा नसतो.

फाटकाच्या आत

आता फाटकाच्या आत काय घडते ते पाहावे. कंपनीने जबाबदारीचे धोरण स्वीकारले म्हणजे कामगारांच्या वाट्याला तीन प्रकारचे अनुभव येतात.

पहिला अनुभव कायम नोकरीतल्या कर्मचाऱ्यांचा, विशेषतः कार्यालयातल्यांचा. वृक्षारोपण, रक्तदान, किनारा स्वच्छता, शाळेत शिकवणे यांत त्यांना सहभागी करून घेतले जाते. त्यांतल्या कित्येकांना यात मनापासून समाधान वाटते. नफ्यासाठी राबताना हरवलेला कामाचा अर्थ त्यांना थोडासा परत मिळतो. या समाधानाची थट्टा करणे योग्य नव्हे. माणसाला आपले काम इतरांच्या उपयोगी पडावे असे वाटते, ही तर समाजवादाची मूळ धारणा आहे. मात्र स्वेच्छेचे हे काम रविवारी करायचे असेल, त्याची नोंद वार्षिक मूल्यमापनात होणार असेल आणि 'नाही' म्हणणाऱ्याकडे वरिष्ठ वेगळ्या नजरेने पाहणार असेल, तर ती स्वेच्छा कसली? ते बिनपगारी जादा काम होय.

दुसरा अनुभव पुरवठादार कारखान्यांतल्या कामगारांचा. मोठी कंपनी पुरवठादाराला सांगते: पाणी वाचवा, वीज वाचवा, प्रमाणपत्र घ्या, अग्निशमनाची सोय करा. मागण्या योग्यच असतात. पण नगामागे द्यायचा दर ती वाढवत नाही. उलट पुढच्या हंगामात तो कमी करून मागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कापड व तयार कपड्यांच्या क्षेत्रातल्या निम्म्याहून अधिक पुरवठादारांनी उत्पादनखर्चही भरून न निघणाऱ्या दराने मागण्या स्वीकारल्याचे सांगितले होते. मग जबाबदारीचा खर्च कुठून निघतो? तो शिलाई यंत्रावर बसलेल्या बाईच्या तासाच्या उद्दिष्टातून निघतो. काल तासाला जेवढे नग होते त्यापेक्षा आज चार अधिक. एकाच कंपनीचे एक खाते नीतीचे पत्र पाठवते आणि दुसरे खाते घासाघीस करते, आणि कामगाराच्या अंगावर येते ते दुसऱ्या खात्याचे पत्र.

तिसरा अनुभव तपासणीच्या दिवसाचा. तपासनीस येणार हे बहुधा आधी ठाऊक असते. त्या दिवशी जिने मोकळे होतात, शौचालयात साबण येतो, औषधांच्या पेटीत औषधे येतात. हजेरीचे दोन पट ठेवणाऱ्यांचा खरा पट कपाटात जातो. वय लहान दिसणाऱ्या मुलींना घरी पाठवले जाते. कामगारांना उत्तरे पढवली जातात: आठ तास काम, जादा कामाला दुप्पट दर, सक्ती कुणाची नाही. कामगार खोटे का बोलतो? तपासनीस संध्याकाळी निघून जाणार असतो आणि पर्यवेक्षक उद्या सकाळी तिथेच असणार असतो, म्हणून. शिवाय तपासनिसाची फी बहुतेक वेळा ज्याची तपासणी करायची त्यानेच भरलेली असते. अशा व्यवस्थेत कामगाराच्या कामात एका नव्या कामाची भर पडते, ती म्हणजे मालकाच्या प्रतिमेची राखण.

सेबीने २०२१ साली सूचिबद्ध कंपन्यांसाठी 'व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल' आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० कंपन्यांना तो बंधनकारक केला. त्यात कायम आणि कायम नसलेले कामगार वेगळे दाखवावे लागतात. कामावरचे अपघात, किमान वेतन आणि युनियनचे सभासदत्व यांचे आकडे द्यावे लागतात. ही माहिती पूर्वी मागूनही मिळत नसे. ती आता छापली जाते, ही चळवळीच्या दृष्टीने उपयोगाची गोष्ट आहे. पण अहवाल आकडा विचारतो, उपाय लादत नाही. युनियनचे सभासद शून्य आहेत, असे लिहून देणारी कंपनी नियम मोडत नाही. ती तो पाळते.

आणि हे सारे नेमके कोणत्या काळात घडते आहे? वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार संघटित कारखानदारीतही दर पाच कामगारांपैकी दोन कामगार कंत्राटी झाले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी पूर्वी २० कामगार असले तरी लागू होत. आता त्यांसाठी ५० कामगार लागतात. कारखाना निरीक्षकाचे नाव बदलून 'निरीक्षक-सह-सुविधाकार' झाले आहे. म्हणजे जी जबाबदारी कायद्याने बंधनकारक होती ती सैल होत चालली आहे, आणि जी मर्जीवर अवलंबून आहे तिचा गाजावाजा वाढतो आहे. या दोन घटना एकाच वेळी घडाव्यात हा निव्वळ योगायोग मानणे भोळेपणाचे ठरेल.

भिंतीवरचे प्रमाणपत्र

११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या तयार कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. अडीचशेहून अधिक कामगार होरपळून आणि गुदमरून मेले. खिडक्यांना लोखंडी गज होते, बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या. ती आग लावण्यात आली होती, असे तिथल्या न्यायालयाने २०२० साली ठरवले. पण आग कुणीही लावो, माणसे मेली ती दारे बंद असल्यामुळे. या कारखान्याला कामाच्या चांगल्या परिस्थितीबद्दल एसए ८००० हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आगीच्या काही आठवडेच आधी मिळाले होते.

त्यानंतर सात महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. किमान १,१३४ माणसे मेली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यावरची दुकाने आणि बँकेची शाखा बंद झाली. बँकेचे कर्मचारी घरी थांबले. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांनाही तडे दिसले होते, त्यांनाही आत जायचे नव्हते. पण महिनाअखेर जवळ आली होती, पगार मालकाच्या हाती होता, आणि 'नाही' म्हणायला पाठीशी युनियन नव्हती. ते आत गेले. या इमारतीतल्या कारखान्यांचीही परदेशी ग्राहक कंपन्यांच्या संहितांप्रमाणे तपासणी झालेली होती.

या दोन घटनांतून निघणारा धडा तपासनीस अप्रामाणिक असतात एवढाच नाही. इमारत धोक्याची आहे हे सर्वांत आधी कामगाराला कळते. भोपाळमध्येही तसेच झाले होते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात १९८१ साली फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला, तेव्हापासून तिथले कामगार धोक्याचा इशारा देत होते. त्यांचे कुणी ऐकले नाही, आणि २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री आजूबाजूच्या वस्त्यांतली हजारो माणसे प्राणाला मुकली. पर्यावरण आणि कामगार यांची हिते परस्परविरोधी असतात, असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. जो वायू वस्तीत पसरतो तो आधी कामगाराच्या छातीत शिरलेला असतो. खरी शाश्वतता हवी असेल तर कामगाराला यंत्र थांबवण्याचा, काम नाकारण्याचा आणि तोंड उघडण्याचा हक्क असला पाहिजे. हा हक्क कोणतेही प्रमाणपत्र देत नाही. तो संघटना देते.

जेथे फरक पडला

मग जबाबदारीच्या या धोरणांनी कामगाराचे काम कुठेच बदलले नाही काय? बदलले आहे, आणि जेथे बदलले तेथील अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

राणा प्लाझानंतर महिन्याच्या आत, मे २०१३ मध्ये, बांगलादेशातल्या आग व इमारत सुरक्षेविषयी एक करार झाला. तो 'अकॉर्ड' या नावाने ओळखला जातो. एका बाजूला परदेशी ग्राहक कंपन्या, दुसऱ्या बाजूला इंडस्ट्रीऑल आणि युनी या जागतिक कामगार महासंघांसह बांगलादेशातल्या युनियन. कालांतराने दोनशेहून अधिक कंपन्यांनी त्यावर सह्या केल्या. या कराराची कलमे आचारसंहितेहून मुळातच वेगळी होती. तपासणीचे अहवाल जाहीर होणार, दुरुस्तीला पैसा कमी पडू नये ही जबाबदारी ग्राहक कंपनीची, धोकादायक इमारतीत पाऊल न ठेवण्याचा हक्क कामगाराचा, आणि कंपनीने शब्द मोडला तर युनियनने तिला लवादापुढे उभे करायचे. हे कलम नुसते कागदावर राहिले नाही. दोन बड्या कंपन्यांविरुद्ध युनियन हेगच्या लवाद न्यायालयात गेल्या. दोन्ही प्रकरणांत तडजोड झाली आणि त्यांतल्या एका कंपनीने २०१८ साली २३ लाख डॉलर मोजण्याचे मान्य केले. हजाराहून अधिक कारखान्यांत दारे, जिने, खांब आणि विजेच्या तारा बदलल्या गेल्या. काही अमेरिकी कंपन्यांनी मात्र या करारावर सही करण्याचे टाळून स्वतःचा वेगळा गट काढला. चांगले काम करायला त्यांचा विरोध नव्हता. जाब द्यायला होता.

भारतातही असे एक उदाहरण आहे. तमिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यात एका कापड कारखान्यातल्या तरुण दलित कामगार स्त्रीचा जानेवारी २०२१ मध्ये खून झाला. पर्यवेक्षकाकडून होणाऱ्या छळाच्या कहाण्या त्यातून बाहेर आल्या. त्या कारखान्यालाही ग्राहक कंपन्यांच्या संहिता लागू होत्या. दलित स्त्रियांच्या नेतृत्वाखालील तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियनने हा लढा हाती घेतला, आणि एप्रिल २०२२ मध्ये कारखानदार व परदेशी ग्राहक कंपनी यांच्याशी बंधनकारक करार झाला. छळावर लक्ष ठेवणाऱ्या स्त्रिया कामगारांतूनच निवडल्या गेल्या, तक्रार करणारीला संरक्षण मिळाले, आणि कारखानदाराने करार मोडला तर ग्राहक कंपनीने व्यवहाराच्या मार्गाने त्याला वठणीवर आणायचे ठरले. जेथे भिंतीवरच्या संहितेला कुणी विचारत नव्हते, तेथे युनियनच्या सहीला विचारावे लागले.

साखरेच्या धंद्यातही हेच दिसते. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती कोणत्या शाश्वतता अहवालाने दिली नाही. ऊसतोड कामगारांच्या संघटनांनी आंदोलन केले आणि साखर संघाला वाटाघाटीला बसवले, म्हणून ती मिळाली. वाढ कोयत्याला मिळाली, बाईच्या नावाने मिळाली नाही, आणि उचलीचा फासही सुटला नाही, हे खरेच. पण जे मिळाले ते मागून आणि भांडून मिळाले.

घरचा आहेर

येथे चळवळीने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. ऊसतोड कामगाराच्या दैन्याचा सारा दोष परदेशी शीतपेय कंपन्यांवर टाकणे सोयीचे आहे, पण ते सत्याला धरून नाही. महाराष्ट्रातले साखर कारखाने मोठ्या प्रमाणावर सहकारी आहेत. त्यांच्या संचालक मंडळांवर बहुतेक सर्व पक्षांचे पुढारी बसले आहेत. सहकार हा शब्द तर समाजवादी परंपरेतलाच. तरी मुकादमाशी करार करून, तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊस उत्पादकाच्या बिलातून वळता करून घेऊन, 'हे आमचे कामगार नव्हेतच' असे म्हणण्यात सहकारी कारखानाही खाजगी कारखान्याहून मागे राहिला नाही. कारखान्यातल्या कायम कामगारांच्या युनियनांनीही फाटकाबाहेरच्या कोप्यांकडे क्वचितच पाहिले. ज्या कामगाराला कुणीच आपला म्हणत नाही, त्याच्यापर्यंत कोणाची जबाबदारी कशी पोहोचणार?

आणि तरीही याच महाराष्ट्राने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधून दाखवले आहे. हमालाचा मालक कोण? आज या दुकानात, उद्या त्या गोदामात पोती वाहणाऱ्याला प्रत्येक व्यापारी 'हा माझा नोकर नाही' असेच सांगत असे. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांनी आणि पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने हा युक्तिवाद मोडून काढला. १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालक कोण याचा काथ्याकूट न करता, जो श्रम वापरील त्याने मजुरीसोबत लेव्ही मंडळात भरावी. मंडळाने नोंदणी करावी, मजुरी वाटावी, भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा आणि औषधोपचार यांची व्यवस्था लावावी, अशी ती योजना. व्यापाऱ्याच्या सदिच्छेची त्यात गरज उरली नाही. कुणीही 'सामाजिक जबाबदारी' हा शब्द उच्चारला नाही, आणि जबाबदारी प्रत्यक्षात आली.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले आहे. कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागे १० रुपये द्यावेत आणि तेवढीच भर शासनाने घालावी, अशी त्याच्या निधीची कल्पना आहे. मुलांची वसतिगृहे, ओळखपत्रे ही कामे आवश्यकच आहेत. परंतु कल्याण आणि हक्क यांतला फरक कार्यकर्त्यांनी विसरू नये. कल्याण मंडळ कामगाराला मदत देते. माथाडी मंडळ कामगाराची मजुरी त्याच्या हाती देते आणि मालकाकडून वसूल करते. पहिले मंडळ लाभार्थी घडवते, दुसरे कामगार.

करावयाचे काम

यातून कार्यकर्त्यांसमोर काही कामे उभी राहतात. पहिले काम वाचनाचे. आपल्या भागातल्या सूचिबद्ध कंपन्यांचे शाश्वतता अहवाल कामगार कार्यकर्त्यांनी मिळवावेत, त्यांतले कंत्राटी कामगारांचे, अपघातांचे आणि वेतनाचे आकडे मराठीत करून फाटकसभेत वाचून दाखवावेत. कंपनीने जगाला जे सांगितले ते तिच्याच कामगारांना कळू द्यावे. जेथे आकडा आणि अनुभव जुळत नाहीत, तेथेच मागणीपत्राचे पहिले कलम सापडेल.

दुसरे काम संघटनेच्या कक्षा रुंदावण्याचे. कायम कामगारांच्या युनियनने कंत्राटी कामगार, साफसफाई करणाऱ्या स्त्रिया, पुरवठादाराच्या छोट्या कारखान्यातले आणि फडातले कामगार यांना मागणीपत्रात जागा द्यावी. मालकाची साखळी जेवढी लांब, तेवढीच संघटनेचीही असावी.

तिसरे काम कराराचे. साखर विकत घेणाऱ्या कंपन्या, कारखाने आणि ऊसतोड संघटना यांच्यात अकॉर्डसारखा लेखी, बंधनकारक करार व्हावा. त्यात स्त्री-पुरुषांची स्वतंत्र नोंद, मजुरी प्रत्येकीच्या स्वतःच्या खात्यात, खाड्याच्या दंडाला बंदी, बाळंतपण आणि आजारपण यांची भरपगारी रजा, आणि साखरेच्या खरेदीदराला जोडलेला तोडणीदर ही कलमे असावीत. आणि या कराराला माथाडी धर्तीच्या कायद्याचे बळ असावे. युरोपीय संघाने २०२४ साली बड्या कंपन्यांना पुरवठा साखळीसाठी उत्तरदायी धरणारा निर्देश मंजूर केला आणि पुढच्याच वर्षी तो पातळ करण्याची हालचाल सुरू झाली. परदेशी कायद्यांवर विसंबून राहण्यात किती अर्थ आहे, हे त्यावरून दिसते.

कंपन्यांनी झाडे लावू नयेत, शाळा बांधू नयेत, असे कुणीच म्हणणार नाही. झाडे लावावीत, पाणी वाचवावे, धूर कमी करावा. ते त्यांचे कर्तव्यच आहे. पण कंपनी खरोखर जबाबदार आहे की नाही, याची कसोटी वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत पानावर लागत नाही. ती मुकादमाच्या मळक्या वहीत लागते. त्या वहीत 'कोयता एक' असे लिहिलेले असते तोवर साखरेच्या पोत्यावर कोणताही शिक्का मारला तरी तो खोटाच आहे. त्या जागी ज्या दिवशी दोन माणसांची दोन नावे लिहिली जातील, दोघांची मजुरी वेगळी मांडली जाईल आणि आजारी पडलेल्या बाईच्या नावापुढे खाडा न लिहिता रजा लिहिली जाईल, त्या दिवशी जबाबदारी फडात पोहोचली असे म्हणता येईल. ती आपण होऊन तिथे चालत येणार नाही. ती संघटनेच्या बळावरच तिथे आणावी लागेल.